‘माझा प्रवास’ आणि दुसरा प्रवासी

झाशी शहराच्या जुन्या तटाच्या दरवाज्यांची नावे एका दमात घेतली, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. दतिया दरवाजा, उन्नाव दरवाजा, ओरछा दरवाजा, बडागाव दरवाजा, सागर दरवाजा, भांडेर दरवाजा: ही सारी नावे पुढच्या मुक्कामांची आहेत. दरवाज्यातून बाहेर पडणाऱ्याला तो कोठे निघाला आहे हे दरवाजाच सांगतो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यालाही हाच न्याय लागू आहे. खंडेराव दरवाजा मात्र ह्या पंक्तीत बसत नाही. हे नाव पुढच्या गावाचे नव्हे. ते जेजुरीच्या देवाचे, आणि त्या देवावरून मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठेवल्या जाणाऱ्या माणसांचे. बाकीचे दरवाजे वाटसरूला कोठे जायचे ते सांगतात. हा एक दरवाजा मराठी वाटसरूला तो कोठून आला ह्याची आठवण देतो. परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपणा मंडळींना ह्या एका नावाशी क्षणभर थांबावेसे वाटले, तर त्यात नवल नाही.

ह्या शहरात मराठी माणूस कसा आला हा इतिहास वाचकांना ठाऊकच आहे. ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये किल्ला बांधला. १७२९ मध्ये बाजीराव छत्रसालाच्या साहाय्याला धावला आणि पुढे बुंदेलखंडातला मोठा मुलूख पेशव्यांकडे आला. १७४२ मध्ये नारोशंकर झाशीचा सुभेदार झाला. नाशिककरांच्या बोलण्यात ज्याची घंटा अजून वाजते तोच हा नारोशंकर. त्याने किल्ला वाढविला आणि पायथ्याशी शहर वसविले. मग नेवाळकर आले. रघुनाथ हरी, शिवरावभाऊ, रामचंद्रराव, गंगाधरराव. शिवरावभाऊंच्या कारकिर्दीत शहराभोवतीचा तट उभा राहिला. आज त्या तटाचा बराच भाग घरादारांत हरवला आहे आणि ‘खंडेराव गेट’ हे मोहल्ल्याचे, पत्त्यात लिहावयाचे नाव होऊन बसले आहे.

झाशी हे तेव्हाही वाटांचे शहर होते आणि आजही आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि पोरबंदरहून सिलचरकडे जाणारा महामार्ग येथेच एकमेकांना भेटतात. आग्रा-ग्वाल्हेरकडून ओरछा-खजुराहोकडे जाणाऱ्या परदेशी प्रवाशालाही हाच चौक ओलांडावा लागतो. अशा वाटेवर अलीकडे एक नवे वाहन दिसू लागले आहे. मोटारसायकल नवी नव्हे. नवी आहे ती तिच्यावरची जोडी. नवराबायको घरदार बंद करून निघतात, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या लटकवितात आणि वर्ष-दोन वर्षे, कधी दहा-दहा वर्षे जगभर हिंडत राहतात. ऑस्ट्रेलियातील पीटर व के फॉरवुड ह्यांनी १९९६ मध्ये सुरू झालेल्या भ्रमंतीत एकाच हार्ले-डेव्हिडसनवरून जगातले एकशे नव्वदांहून अधिक देश पाहिले. ब्रिटनमधील सायमन व लीसा टॉमस हे २००३ मध्ये घराबाहेर पडले ते दोन स्वतंत्र मोटारसायकली घेऊन. अशा जोडप्यांना सर्वत्र एकसारखे प्रश्न विचारले जातात: गाडी किती पळते, पेट्रोल किती लागते, परवाने कसे मिळविलेत? इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र निराळाच प्रश्न पडतो. दोघे प्रवासाला निघाले, पण प्रवास कोणाचा म्हणून सांगितला गेला? मागच्या आसनावरच्या माणसाचे पुढे काय झाले?

हा प्रश्न झाशीला विचारण्यास विशेष अर्थ आहे. मराठी भाषेतला सर्वांत नावाजलेला प्रवास ह्याच शहरात येऊन भिडतो, आणि तो प्रवास दोघांचा होता.

कुलाबा जिल्ह्यातील, आजच्या रायगडातील, पेणजवळचे वरसई हे गाव. तेथील विष्णुभट गोडसे हे भिक्षुकी करणारे गृहस्थ. घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून त्यात सात-आठ लक्ष रुपये खर्च होणार आहेत, अशी वार्ता कोकणात येऊन पोहोचली. दक्षिणेच्या आशेने विष्णुभटांनी हिंदुस्थानात जाण्याचे ठरविले. ‘हिंदुस्थान’ हा शब्द तेव्हा नर्मदेपलीकडच्या मुलखाला लावीत, आणि कोकणातल्या घराला तो मुलूख आज आपल्याला परदेश वाटतो त्याहूनही दूरचा होता. वडिलांचा जीव धजेना. तिकडची भांग, तिकडच्या स्त्रिया, अनोळखी पाणी: जुन्या घरांतून उत्तरेविषयी जी जी भीती बाळगली जात असे ती सारी त्यांना आठवली. अखेर धाकट्या पिढीला परवानगी मिळाली ती एका अटीसारख्या गोष्टीवर. काका रामभट बरोबर जाणार होते.

ही परवानगी कशी मिळाली ते विसरून चालणार नाही. विष्णुभट एकटे निघते तर निघालेच नसते. काका हे केवळ सोबतीला नव्हते. त्यांच्यामुळे प्रवास शक्य झाला. आजची जोडपी सांगतात की एकट्याने निघण्याचे धैर्य झाले नसते, दुसऱ्याने ‘चल’ म्हटले म्हणून निघालो. दीडशे वर्षांत वाहन पार बदलले. ‘चल’ म्हणणारा माणूस लागतो, हे काही बदललेले दिसत नाही.

१८५७ च्या वसंतात काका-पुतणे वरसईहून निघाले. आगगाडी आदल्याच वर्षी खोपोलीपर्यंत आली होती, म्हणजे त्यांच्या घरापासून फार लांब नव्हती. पण हिंदुस्थानची वाट पायांनीच तुडवावी लागे. पुणे, नगर, मालेगाव, धुळे, सातपुड्याची रांग, मग महू. आज आग्रा रोडने ट्रक धावतात, त्या रस्त्याच्या पुष्कळ भागावरूनच हे दोघे चालले. महूच्या अलीकडे एका मुक्कामी त्यांना पलटणीतले काही शिपाई भेटले. थोड्याच दिवसांत फार मोठा उत्पात होणार आहे, तेव्हा भटजी, मागे फिरा, असे त्या शिपायांनी त्यांना सांगितले. ज्याची कुणकुण इंग्रज अधिकाऱ्यांना लागली नव्हती ते भविष्य दोन गरीब ब्राह्मणांना धर्मशाळेत ऐकावयास मिळाले, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची.

मागे फिरावे की पुढे जावे? प्रवासात दोघे असण्याची खरी परीक्षा अशा वेळी होते. एकटा माणूस भ्याला तर परततो आणि धाडसी असला तर पुढे जातो. दोघांना मात्र एकमेकांच्या भीतीचाही हिशेब करावा लागतो. ते पुढे गेले. घरचे कर्ज मागे उभे होते आणि यज्ञाची दक्षिणा पुढे. उज्जैन, धार, ग्वाल्हेर अशी मजल-दरमजल करीत, कोठे दक्षिणा मिळवीत, कोठे नुसते पोट भरीत ते हिंडले. मथुरेचा तो यज्ञ बंडाच्या धामधुमीत राहूनच गेला. ज्याच्यासाठी घर सोडले ते कारण नाहीसे झाले, आणि तरीही प्रवास चालू राहिला. अखेर ते झाशीस आले आणि राणीच्या आश्रयाला असलेल्या केशवभट मांडवगणे ह्यांच्या घरी उतरले.

झाशीतले त्यांचे आरंभीचे दिवस सुखाचे गेले. शहर श्रीमंत, दरबार मराठी, शास्त्रीमंडळींना मान. राणीची दिनचर्या, तिची महालक्ष्मीवरील भक्ती, तिचा घोड्यावरचा सराव हे सारे विष्णुभटांनी डोळे भरून पाहिले. संस्थानच्या ग्रंथसंग्रहाचे त्यांना विशेष कौतुक वाटले. भिक्षुकी करणाऱ्या माणसाला ग्रंथांची किंमत सावकारापेक्षा अधिक कळते.

मग २१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोजची फौज शहरापुढे येऊन उभी राहिली. तोफा सुरू झाल्या. रात्री आकाशातून लाल गोळे पडत. राणीच्या मदतीला आलेल्या तात्या टोप्यांचा बेतवेच्या काठी १ एप्रिलला पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज तटावरून शहरात शिरले. ४ एप्रिलच्या रात्री राणी बाहेर पडली. इतिहासाच्या पुस्तकांत एवढी चार वाक्ये पुरतात. शहरात अडकलेल्या काका-पुतण्यांसाठी त्या चार वाक्यांनंतरचे दिवस मोठे होते. कत्तल सुरू झाली. विष्णुभटांनी तिला ‘बिजन’ म्हटले. लूट क्रमाक्रमाने झाली: आधी सोनेनाणे, मग तांबेपितळ, मग कपडालत्ता आणि धान्य. ग्रंथालयाची पोथ्यापुस्तके फाडून, फेकून देण्यात आली. घरातल्या आडोशाला लपून दोघे जगले. एक वर्ष वणवण करून गाठीला बांधलेली दक्षिणा शिपायांनी नेली.

ह्या प्रसंगाची वर्णने वाचताना आम्हाला नेहमी एक गोष्ट खटकते, आणि ती ग्रंथकर्त्याविषयी नव्हे, आपणा वाचकांविषयी. विष्णुभट पानोपानी ‘आम्ही’ म्हणतात. ते आदरार्थी नव्हे. ते शब्दशः दोघांचे आहे. लपले ते दोघे, लुटले गेले ते दोघे, प्रेतांच्या दुर्गंधीतून वाट काढीत बाहेर पडले तेही दोघे. आपण मात्र वाचताना त्या ‘आम्ही’चे मनातल्या मनात ‘मी’ करून टाकतो. ‘गोडसे भटजींनी झाशीचा वेढा पाहिला’ असे आपण म्हणतो. ‘गोडसे काका-पुतण्यांनी पाहिला’ असे कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी जो प्रसंग घडला तो मराठी वाचकाला पाठ आहे. धुळीने माखलेली, पुरुषी वेषातली राणी तहानेने व्याकुळ होऊन आली. विष्णुभट पाणी काढून देण्यास पुढे झाले. आपण विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, अशा अर्थाचे बोलून तिने दोर-मडके घेऊन स्वतः पाणी शेंदले. राज्य गेलेल्या राणीचे असे चित्र दुसऱ्या कोणत्याही कागदात नाही. ते टिकले, कारण त्या विहिरीवर लिहिता येणारा एक माणूस होता. आणि तो तेथवर जिवंत पोहोचला, कारण त्याच्याबरोबर आणखी एक माणूस होता.

नंतरची हकीकत लवकर सांगून टाकतो. ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या, प्रयाग, काशी अशी तीर्थे करून, वाटेत पुन्हा पुन्हा नागवले जाऊन, अडीच-तीन वर्षांनी विष्णुभट वरसईला परतले ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन. धन मिळविण्यास गेले होते. आणले ते पाणी. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.

ही हकीकत कागदावर आली कशी, हे आपल्यासारख्या परमुलखी नोकरी करणाऱ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. गोडसे हे कल्याणच्या वैद्य घराण्याचे उपाध्ये. त्या घरातले चिंतामणराव वैद्य पुढे ग्वाल्हेर संस्थानात न्यायखात्यात चढत गेले. भारताचार्य म्हणून त्यांची कीर्ती मागाहूनची. आम्हाला ते येथे दिसतात ते घरच्या उपाध्यायाला ‘तुम्ही जे सांगता ते लिहून काढा’ म्हणणारे तरुण यजमान म्हणून. त्यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनी १८८३ च्या सुमारास आपल्या आठवणी मोडीत लिहिल्या. वैद्यांनी त्या १९०७ मध्ये छापल्या, पण आपल्या हाताने भाषा घोटून आणि बराच फेरफार करून. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये शुद्ध प्रत प्रसिद्ध केली. हिंदीत अमृतलाल नागरांनी आणि इंग्रजीत मृणाल पांडे ह्यांनी तो ग्रंथ नेला. ग्रंथाचे जे नाव जगाला ठाऊक झाले ते ‘माझा प्रवास’. त्या नावात काकांना जागा नाही. वैद्यांवर किंवा विष्णुभटांवर ह्यात ठपका ठेवण्याचा आमचा हेतू नाही. सांगणारा एक असतो, म्हणून नावही एकवचनी पडते. तरीसुद्धा ग्रंथाच्या आत ‘आम्ही’ आणि मुखपृष्ठावर ‘माझा’ ही विसंगती आम्हाला डोळ्यांआड करवत नाही.

झाशीतून निघालेला दुसराही एक प्रवास असा आहे, आणि तो तर खराखुरा दांपत्याचा. गंगाधरराव १८५० च्या सुमारास राणीसह काशी-प्रयागच्या यात्रेला गेले. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी १८९४ मध्ये लिहिलेल्या चरित्रात ह्या यात्रेची हकीकत आहे. लवाजमा, हत्ती, तंबू, वाटेतले मानपान हे सारे महाराजांच्या नावाने चालले. कागदोपत्री ती ‘महाराजांची’ यात्रा. पण काशी हे राणीचे जन्मस्थान. मणिकर्णिका घाटावरून जिचे नाव ठेवले होते ती मुलगी पुन्हा त्या घाटावर आली ती संस्थानची राणी होऊन. त्या यात्रेत अधिक काही घडत असेल तर ते नवऱ्याच्या मनात की बायकोच्या? उत्तर वाचकांनी द्यावे. आम्हाला एवढेच म्हणावयाचे आहे की यात्रा ज्याच्या नावाची असते, तिचा अर्थ त्याच्याच पदरी असतो असे नाही.

येथे थोडे आपल्याविषयी बोलू. बदलीचा हुकूम एकाच नावाने निघतो. भत्त्याच्या बिलावर ‘कुटुंब’ ह्या एका शब्दात बाकीची माणसे बसविली जातात. नागपूरहून शिलाँगला किंवा पुण्याहून झाशीला निघालेला अधिकारी पुढे सांगतो, ‘मी अमुक साली तेथे होतो.’ बरण्या कोणी बांधल्या, मुलांच्या शाळेचे दाखले कोणी आणले, अनोळखी भाषेतल्या भाजीवाल्याशी पहिले वाक्य कोणी बोलले, ह्याची नोंद सेवापुस्तकात होत नाही. सेवापुस्तकाने ती ठेवावी असेही नाही. पण आठवणींच्या पुस्तकांनी तरी ठेवावी की नाही?

ज्या एका मराठी पुस्तकाने ती ठेवली त्याचे नाव मोठे सूचक आहे. रमाबाई रानडे ह्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेले ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’. न्यायमूर्ती शेतकरी-कर्जनिवारण कायद्याच्या कामासाठी गावोगाव दौरे करीत आणि रमाबाई बरोबर असत. तंबूतले आणि परक्या घरांतले ते दिवस त्या पुस्तकात आहेत. मागच्या आसनावरच्या व्यक्तीने लेखणी हाती घेतली आणि पहिलाच शब्द लिहिला तो ‘आमच्या’. ‘माझ्या’ असे लिहिण्याचा अधिकार त्यांना होता. ‘त्यांच्या’ असे लिहिण्याची त्या काळची रीत होती. दोन्ही टाळून त्यांनी तिसरा शब्द निवडला. ह्या एका शब्दासाठी ते पुस्तक आम्हाला पुन्हा उघडावेसे वाटते.

दुसरे उदाहरण गोपाळराव जोशी ह्यांचे. हे टपाल खात्यातले कारकून, म्हणजे आपल्याच जातकुळीचे. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा बदल्यांबरोबर त्यांनी पत्नीला नेले, शिकविले, छळलेही, आणि ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीवर तिला एकटीला बसवून दिले. पुढे तेही तिकडे गेले आणि १८८६ मध्ये, आनंदीबाई डॉक्टर झाल्यावर, दोघे बरोबरच परतले. येथे पुढचे आसन आणि मागचे आसन ह्यांची अदलाबदल झालेली दिसते: नाव झाले ते तिचे, आणि तो तिच्या चरित्रातला एक चमत्कारिक गृहस्थ होऊन राहिला. श्री. ज. जोशी ह्यांनी १९६८ मध्ये कादंबरी लिहिली तेव्हा शीर्षकात दोन्ही नावे जोडून ठेवली, ‘आनंदी गोपाळ’, मध्ये ‘आणि’ही नाही. नामकरणाचा हा तिढा कादंबरीकाराने इतिहासकारांपेक्षा चांगला सोडविला असे आमचे मत आहे.

आता मोटारसायकलीकडे वळू, म्हणजे आरंभीच्या प्रश्नाला उत्तर द्यावयास बरे. युरोपातून रस्त्याने हिंदुस्थानात मोटारसायकल आणण्याचे साहस १९३३ मध्ये ऑस्ट्रियाच्या दोन तरुणांनी केले. व्हिएन्नाहून निघून तुर्कस्तान, इराक, इराण, बलुचिस्तान ह्या वाटेने ते मुंबईला पोहोचले. गाडी ‘पुख’ बनावटीची, अवघ्या अडीचशे सी. सी. ची, तीवर दोन माणसे आणि सारे सामान. रस्ते नव्हतेच, वाळू, ओढे आणि उंटांच्या वाटा. चालविणारा माक्स राइश. प्रवासाचे नाव त्याचे झाले, पुढची पुस्तके त्याने लिहिली. मागच्या आसनावर हेर्बर्ट टिखी नावाचा भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी होता. त्या मागच्या आसनावरून त्याने जो हिमालयाचा ध्यास घेतला तो सुटला नाही. १९ ऑक्टोबर १९५४ रोजी जगातल्या सर्वोच्च शिखरांपैकी एक असलेल्या चो ओयूवर मानवाची पावले पहिल्यांदा उमटली, त्या छोट्याशा तुकडीचा नायक हाच टिखी. बरोबर ऑस्ट्रियाचा सेप योखलर आणि शेर्पा पासांग दावा लामा. मागे बसणाऱ्याला केवळ ओझे समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. त्याच सुमारास, १९२८ ते १९३६ ह्या काळात, झोल्तान सुल्कोव्स्की आणि ग्युला बार्था हे दोन हंगेरियन मित्र बाजूची टोपली जोडलेल्या हार्ले-डेव्हिडसनवरून पृथ्वीप्रदक्षिणा करीत होते. त्यांचा ग्रंथ लिहिला तो सुल्कोव्स्कीने. बार्था कोण, हे आज किती जणांना ठाऊक आहे?

मोटारसायकलीवर दोघे बसले की यंत्रही दोघांचे होते, हे ती चालविणाऱ्यांना नीट कळते. मागचा माणूस वळणावर उलट झुकला तर गाडी सरळ जाते आणि रस्ता वळतो. ब्रेक लागावयास अधिक अंतर लागते. चढावर पुढचे चाक हलके होते. मागच्याने केवळ मान वळविली तरी पुढच्याच्या हाताला कळते. पुढचा रस्ता पाहतो, मागचा देश पाहतो. नकाशा, कागदपत्रे, वाटेतल्या माणसांशी बोलणे हे बहुधा मागच्याकडे येते, कारण पुढच्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. इराणमध्ये १९७९ साली क्रांती झाली, त्याच वर्षी अफगाणिस्तानात रशियन फौजा आल्या, आणि युरोपातून हिंदुस्थानात रस्त्याने येण्याची ती जुनी रीत मोडली. तरी दोघांदोघांनी निघण्याची रीत मोडली नाही. टॉमस दांपत्याने दोन वेगळ्या गाड्या घेतल्या, त्यातही हीच जुनी अडचण सोडविण्याचा एक मार्ग आम्हाला दिसतो: दोघांनाही पुढचे आसन. सोय झाली, पण मान वळली की हाताला कळणे तेवढे गेले.

झाशीत हे सारे आठवण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते शहराच्या चौकात उभे आहे. एका वाहनावर बसलेल्या दोघांचे हिंदुस्थानातले सर्वांत प्रसिद्ध चित्र कोणते असे विचारले, तर उत्तर एकच मिळेल: घोड्यावर स्वार झालेली राणी आणि तिच्या पाठीशी बांधलेले मूल. ४ एप्रिलच्या त्या रात्री शहराबाहेर पडून शंभरांहून अधिक मैलांवरच्या काल्पीपर्यंत तिने जी दौड मारली, तिच्या वर्णनांत लेफ्टनंट डौकरचा पाठलाग येतो, भांडेरचा पहिला मुक्काम येतो, घोड्याची जात येते. पाठीशी बांधलेले मूल पुतळ्यात कायमचे मूलच राहिले आहे.

त्या मुलाचे नाव दामोदरराव. १८५३ च्या नोव्हेंबरात, गंगाधररावांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी, ते दत्तक घेतले गेले आणि त्यांचे दत्तकविधान कंपनी सरकारने मानले नाही, ह्या एका नकारातून झाशीचा पुढचा सारा इतिहास घडला. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरपाशी राणी पडली तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. काही एकनिष्ठ माणसांनी त्यांना रानावनांतून वागविले. १८६० मध्ये ते इंदुरास आणले गेले. तेथे सरकारने दिलेल्या तुटपुंज्या पेन्शनीवर त्यांनी उरलेले आयुष्य काढले. ज्या झाशीवर त्यांचा हक्क सांगितला गेला होता ते शहर आणि किल्ला इंग्रजांनी १८६१ मध्ये शिंद्यांना दिला आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतला. ह्या देवघेवीत दामोदररावांना कोणी विचारले नाही. राणीच्या पाठीमागे बसून ज्याने ती दौड प्रत्यक्ष अनुभवली असा तो एकच माणूस, आणि तो इंदुरातल्या एका घरात, मराठी वस्तीत, आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांच्या शेजारी, सेहेचाळीस वर्षे राहत होता.

२८ मे १९०६ रोजी ते इंदुरास वारले. पुढल्या वर्षी ‘माझा प्रवास’ छापून झाला.